आधी मला वाचा

आमच्या मिरजेतल्या वाचनालयाचे १९५८ ते १९७९ या काळातले वार्षिक अहवाल सध्या माझ्या घरी आहेत. एकूण २२ अंक. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. हे अहवाल ज्या छापखान्यात छापले जायचे तिथे माझे वडील खिळे जुळवायचे. म्हणजे या पानांवरचं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा त्यांनी चिमटीत धरून ओळीत बसवलेली आहे. हे सगळं संगणकावर उतरवावं, एखादं नाव किंवा साल टाकलं की कुणालाही ते सापडावं, असं फार दिवस मनात होतं. निवृत्तीनंतर मी टाइप करायला बसले. पंधरा दिवसांत १९ पानं झाली आणि उजवं मनगट सुजलं. सगळी मिळून पाचशेच्या वर पानं आहेत हा हिशेब मी मनगट सुजल्यावर केला.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, टाइप कशाला करतेस? पानाचं चित्र दे, संगणक वाचेल." चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करण्याला ओसीआर म्हणतात. मी वहीत 'अक्षर-ओळख' असं लिहून घेतलं. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, विनामूल्य आहे आणि त्याला मराठी येतं, असंही त्यानं सांगितलं. "आधी रीडमी वाच, त्यात सगळं आहे." मी म्हटलं, "माझा फोन रेडमीचा नाही." बराच वेळ आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहिलो. शेवटी त्यानं एकेक अक्षर सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. रीड मी, म्हणजे 'मला वाच'. सॉफ्टवेअरसोबत एक चिठ्ठी येते आणि तिचं नावच 'मला वाच' असतं, हे मला वयाच्या ६४ व्या वर्षी कळलं.

त्यानं पाठवलेल्या पत्त्यावर गेले. तिथे एक हिरवं बटण होतं, ते दाबून झिप फाइल उतरवली आणि उघडली. आत फाइलींचा ढीग होता. पहिला दिवस मी त्यातली 'सुरू करायची' फाइल शोधण्यात घालवला. प्रत्येक फाइलीवर दोनदा टिचकी मारून पाहिली. काही उघडेचनात, काही उघडल्या तर आत नुसते कंस आणि अर्धविराम. त्या ढिगात काही नावं मात्र पूर्ण मोठ्या इंग्रजी लिपीत होती : रीडमी, इन्स्टॉल, लायसन्स, ऑथर्स. ही कुणीतरी आवाज चढवून मारलेली हाक असावी असं मला वाटलं. कारण निराळं निघालं. संगणकाच्या जुन्या आकडेपद्धतीत मोठ्या ए चा क्रमांक ६५ आहे आणि छोट्या ए चा ९७. त्यामुळे युनिक्ससारख्या व्यवस्थेत यादी लावली की मोठ्या लिपीतली नावं आपोआप वर येतात. नवख्या माणसाची नजर पहिल्यांदा तिथे पडावी म्हणून ही सोय. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अशा फाइली सापडतात, आणि ग्नू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियमांत तर सॉफ्टवेअर वाटताना रीडमी जोडावी असं लिहूनच ठेवलेलं आहे. माझ्यासारख्या माणसासाठी केलेली ही सोय होती आणि मी दिवसभर ती सोडून बाकीच्या फाइली उघडत बसले होते.

रीडमी उघडली तर ती बिघडलेली वाटली. शीर्षकांच्या आधी जिन्यासारखी चिन्हं, शब्दांच्या दोन्ही बाजूंना चांदण्या, मधूनच उलटी पडलेली अवतरणचिन्हं. मी ती पुसून पुन्हा उतरवली. तरी तशीच. मग कळलं की फाइलीच्या नावापुढचं एमडी म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ही लिहिण्याची पद्धत मांडली. ओळीच्या सुरुवातीला जिन्याचं एक चिन्ह म्हणजे मोठं शीर्षक, दोन म्हणजे त्याहून लहान. शब्दाभोवती दोन-दोन चांदण्या म्हणजे ठळक ठसा. उलट्या अवतरणात घातलेलं म्हणजे जसंच्या तसं टाइप करायचं. माझे वडील मुद्रितं तपासायचे तेव्हा समासात अशाच खुणा असायच्या : हे ठळक घे, इथे जागा सोड, हे अक्षर उलटं बसलंय ते फिरव. लहानपणी मी त्या खुणा वाचायला शिकले होते. संगणकावर त्याच जातीच्या खुणा समोर आल्या आणि मी त्यांना बिघाड समजले.

त्या रीडमीत मला एक भाग मात्र पहिल्या वाचनात पूर्ण कळला, तो इतिहासाचा. टेसरॅक्टचं काम १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या ग्रीली इथे झालं. २००५ साली कंपनीनं ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे २००६ पासून २०१८ पर्यंत गूगलनं ते वाढवलं. २०१८ पर्यंत रे स्मिथ हे त्याचे मुख्य विकासक होते. मी १९८५ या आकड्यापाशी थांबले. त्या वर्षी वडील अजून छापखान्यात होते. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर खिळ्यांच्या खणांची केस, आणि उजवा हात न बघता बरोबर त्या खणात जायचा. तिकडे ब्रिस्टलला लोक यंत्राला छापील अक्षर वाचायला शिकवत होते आणि इकडे वडील ते अक्षर बसवत होते. ती दोन कामं आता चाळीसेक वर्षांनी माझ्या टेबलावर भेटणार होती. त्या दिवशी रात्री मी आणखी काही वाचलं नाही.

लायसन्स नावाची फाइल पाहून दुसऱ्या दिवशी धास्तावले. आपल्याकडे लायसन्स म्हणजे अर्ज, फोटो, शिक्का. मला वाटलं, परवानगी मागावी लागणार. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "आत्या, तो परवाना त्यांनी तुला आधीच दिलेला आहे." अपाची २.० असं त्या परवान्याचं नाव. वापरा, बदला, पुढे द्या. फक्त मूळ कर्त्यांच्या हक्काची नोंद आणि परवान्याची प्रत सोबत ठेवा, असा त्याचा ढोबळ अर्थ. एवढ्या मोठ्या माणसांचं वर्षानुवर्षांचं काम मिरजेतल्या एका बाईला न विचारता दिलेलं होतं, आणि मी अर्जाचा कागद शोधत होते.

आता ते संगणकावर बसवायचं होतं. रीडमी म्हणत होती की दोन वाटा आहेत : तयार 'बायनरी' घ्या, नाहीतर 'सोर्स'पासून 'बिल्ड' करा. मी वहीत भाषांतर केलं : 'द्विअंकी पुडकं' किंवा 'उगमापासून बांधकाम'. काही बोध झाला नाही. खाली लिहिलं होतं की बांधकामासाठी सी प्लस प्लसचा अमुक दर्जाचा कम्पायलर लागतो. मग छापखान्यातून विचार केला तेव्हा उजेड पडला. सोर्स म्हणजे लेखकाचं हस्तलिखित, कम्पायलर म्हणजे जुळारी आणि यंत्र दोन्ही, आणि बायनरी म्हणजे छापून, बांधून दुकानात आलेलं पुस्तक. मला पुस्तक हवं होतं आणि मी हस्तलिखिताचं गाठोडं उतरवून त्यात 'सुरू करा' असं बटण शोधत होते. विंडोजसाठीचं बांधलेलं पुस्तक जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचं ग्रंथालय तयार करून ठेवतं. एका ग्रंथालयानं केलेली गोष्ट आमच्या वाचनालयाच्या कामी येतेय, याचं मला फार बरं वाटलं.

ते बसवलं. पडद्यावर नवीन चित्र येईल म्हणून वाट पाहत बसले. आलं नाही. मी तीनदा बसवलं. टेसरॅक्टला खिडकी, बटणं, रंगीत चित्रं असं काहीच नसतं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची असते. रीडमीत 'कमांड लाइन' असा शब्द होता, मी त्यावरून पुढे गेले होते. काळी खिडकी उघडून टेसरॅक्ट असं लिहिलं, तर संगणक म्हणाला, या नावाची आज्ञा मला माहीत नाही. भाच्यानं फोनवर बसून 'पाथ' दुरुस्त करायला लावला. पाथ म्हणजे संगणकाजवळची पत्त्यांची यादी. आज्ञा दिली की तो त्या यादीतल्या घरांत शोधतो. टेसरॅक्ट माझ्या संगणकात राहत होतं, पण त्याचं घर यादीत नव्हतं. त्याच फोनवर त्यानं मला काळ्या खिडकीतून चित्रांच्या फोल्डरमध्ये कसं जायचं हेही शिकवलं आणि ती खिडकी मी पुढे कित्येक दिवस बंदच केली नाही.

रीडमीत आज्ञेचा नमुना दिलेला आहे. आधी टेसरॅक्ट, मग चित्राचं नाव, मग उत्तराच्या फाइलीचं नाव, मग चौकोनी कंसात काही जोडण्या. मी कंसासकट सगळं टाइप केलं. चुकलं. कंसात जे असतं ते ऐच्छिक, हवं तर घाला, आणि घालताना कंस घालायचा नाही, हा संकेत त्या मंडळींच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की तो कुठे सांगितलेला नव्हता. मग भाषेची खूण : एक आडवी रेघ आणि पुढे एल. मी ती रेघ आणि पुढे एक हा आकडा असं वाचलं. त्या ठशात छोटा एल आणि एकचा आकडा जवळजवळ सारखे दिसतात. जुन्या इंग्रजी टंकयंत्रांवर तर पुष्कळदा एकचा आकडाच नसायचा, छोट्या एलवर भागवायचे. वडिलांची नजर इथे चुकली नसती. मी मात्र अख्खी संध्याकाळ एक दाबत बसले.

पुढे भाषेचं नाव. मी 'मराठी' असं पूर्ण इंग्रजी स्पेलिंग लिहिलं. नाही. मग 'एमआर' लिहिलं, कारण बऱ्याच ठिकाणी मराठीची खूण तीच पाहिली होती. नाही. टेसरॅक्टला तीन अक्षरं लागतात : एम, ए, आर. भाषांसाठी दोन अक्षरी आणि तीन अक्षरी अशा दोन्ही आंतरराष्ट्रीय खुणा आहेत आणि हे सॉफ्टवेअर तीन अक्षरी वापरतं. ती बरोबर लिहिली तेव्हा पडद्यावर आलं की ही भाषा उघडता येत नाही. शंभराहून जास्त भाषा येतात असं रीडमीत लिहिलेलं होतं, म्हणून मी त्या सगळ्या आत आहेत असं धरून चालले होते. प्रत्येक भाषेची शिकवणीची फाइल वेगळी असते, तिच्या नावाच्या शेवटी 'ट्रेन्डडेटा' असतं, आणि ती 'टेसडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असावी लागते. बसवताना पुढे एक यादी उघडली होती, त्यात मराठीच्या चौकटीत बरोबरची खूण करायची होती. मी तीनदा बसवलं आणि तिन्ही वेळा ती चौकट मोकळी सोडली होती.

मग पीडीएफ. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं पहिला अंक स्कॅन करून पीडीएफ दिली होती. रीडमीत पीडीएफ हा शब्द मी स्वतः वाचला होता, म्हणून ती फाइल दिली. टेसरॅक्टनं घेतली नाही. मी परत रीडमीत गेले आणि या वेळी ओळ बोट ठेवून वाचली. पीएनजी, जेपेग, टिफ ही आत घ्यायची रूपं. पीडीएफ हे बाहेर द्यायचं रूप. दोन वाक्यं एकाखाली एक होती आणि मी त्यांतले शब्द तेवढे उचलले होते, वाक्यं वाचलीच नव्हती. तीस वर्षं मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असं सांगत आले, त्या बाईनं हे केलं होतं.

पहिलं पान वाचलं गेलं ते एका मंगळवारी दुपारी. मी फोननं फोटो काढला होता, पानावर माझ्याच हाताची सावली होती. उत्तराच्या फाइलीत मराठी अक्षरं होती, पण शब्द नव्हते. तरी मी ती फाइल जपून ठेवली आहे. मग इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं सरळ स्कॅन केलं आणि तेच पान दिलं. या वेळी वाचनालयाचं नाव आलं, अध्यक्षांचं नाव आलं, 'सन १९६१ सालचा अहवाल सादर करताना' अशी ओळ आली. भ च्या जागी म आणि घ च्या जागी ध पडले होते, रफार काही ठिकाणी गळाले होते. पण ओळी वडिलांनी जिथे तोडल्या होत्या तिथेच तुटत होत्या. मी ते पान मोठ्यानं वाचलं.

देणगीदारांच्या यादीनं मात्र चार दिवस घेतले. डावीकडे नाव, मध्ये ठिपक्यांची रांग, उजवीकडे रक्कम. टेसरॅक्ट आधी सगळी नावं ओळीनं वाचायचं आणि मग खाली सगळ्या रकमा एकत्र टाकायचं, म्हणजे कुणी किती दिले ते कळेना. या गुंत्याचं उत्तर रीडमीतल्या नमुन्यात पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होतं, त्याच चौकोनी कंसांत : पीएसएम नावाची जोडणी. पानाची रचना कशी धरायची ते त्यानं सांगता येतं. काहीच सांगितलं नाही तर ३ धरलं जातं, म्हणजे रचना तूच ओळख. ६ सांगितलं की सगळं पान एकसंध मजकूर समजून ते डावीकडून उजवीकडे सरळ ओळ वाचतं. ६ घातलं आणि नावांपुढे रकमा येऊन बसल्या. 'एक वाचनप्रेमी भगिनी', आणि त्याच ओळीत पुढे २ रुपये ५० नवे पैसे. 'न.पै.' हे यंत्राला वाचता आलं नव्हतं, ते मी हातानं दुरुस्त केलं. त्या भगिनीनं तेव्हा अडीच रुपये दिले आणि नाव दिलं नाही. तिची ओळ आता शोधली की सापडते.

या दोन महिन्यांत मी ती रीडमी निदान वीस वेळा वाचली असेल. प्रत्येक वेळी तिच्यात आधी न दिसलेलं काहीतरी दिसलं. त्यात खोटं एक अक्षर नाही, आळस नाही, आणि जिथे जागा अपुरी आहे तिथे पुढच्या कागदपत्रांची वाट दाखवलेली आहे. अडचण एवढीच की ती लिहिणाऱ्याला काळी खिडकी, पाथ, कंस हे आता दिसतच नाहीत. आपल्याला आपला चष्मा दिसत नाही तसे. वडिलांनी केसच्या वर एक पुठ्ठा टांगला होता. कुठल्या खणात कुठलं अक्षर, जोडाक्षरं कुठे, काने कुठे. नव्या पोरासाठी. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती : खिळ्यावरचं अक्षर उलटं दिसणार, घाबरू नये. ती ओळ त्यांना कुणा पोरानं घाबरून दाखवल्यावरच सुचली असणार. तशी ओळ लिहिणारं माणूस मराठीत या सॉफ्टवेअरला हवं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते माणूस मिळेपर्यंत मीच लिहायला घेतलं.

पानांची चित्रं वाचनालयाच्या संगणकावरही ठेवली आणि तिथे मी एक फाइल केली. नाव दिलं 'आधी वाचा'. ती यादीत तळाला गेली. पानांच्या चित्रांना मी इंग्रजी नावं दिली होती आणि देवनागरी नावं त्या सगळ्यांच्या नंतर लागत होती. नावाच्या आधी इंग्रजी शून्य घातलं तेव्हा ती वर आली. मोठ्या लिपीत रीडमी लिहिणाऱ्या त्या पहिल्या माणसांना नेमकं काय हवं होतं ते मला त्या क्षणी समजलं. फाइलीत बारा पायऱ्या लिहिल्या. कंस टाइप करू नका. रेघेपुढे एल आहे, एक नव्हे. मराठीच्या चौकटीत खूण करा. चित्र दिसणार नाही, तीनदा बसवू नका. प्रत्येक ओळीमागे माझा एकेक दिवस होता, त्यामुळे काही राहिलं नसणार अशी माझी खात्री होती.

वाचनालयात संध्याकाळी पुस्तकं लावायला एक मुलगा येतो, बारावीत आहे. त्याला खुर्चीवर बसवलं आणि मी मागे उभी राहिले. तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या पायरीपर्यंत तो भराभर गेला. तिसऱ्यावर त्यानं आज्ञा जशीच्या तशी टाइप केली, आणि संगणक म्हणाला की अशी फाइल नाही. त्यानं पुन्हा टाइप केली. पुन्हा तेच. तो मागे वळून म्हणाला, "काकू, माझं काय चुकतंय?"

त्याचं काही चुकत नव्हतं. काळी खिडकी उघडल्यावर आधी चित्रांच्या फोल्डरमध्ये जावं लागतं, ते मी लिहिलंच नव्हतं. माझी खिडकी दोन महिने त्याच फोल्डरमध्ये उघडी होती. मी खुर्ची ओढून शेजारी बसले, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये ती पायरी घातली आणि पुढचे सगळे आकडे एकेकानं वाढवले. त्यानं वाचून पाहिलं. "फोल्डरचं नाव पण लिहा ना काकू, मला कसं कळणार कुठला ते?" मी तेही लिहिलं. मग त्यानं काळी खिडकी बंद केली आणि म्हणाला, "थांबा, आता परत पहिल्यापासून करतो."